कर्णावरची उडी

फिलू,

जुळलं गो! तू सांगितलेली लांबी घेतली, कर्णावरची उडी ठेवली, आणि जोड्या पार दुसऱ्या टोकापर्यंत टिकल्या. तुला हे सांगायला मला उशीर झाला. आता तरी ऐक.

तुला आरोंद्याच्या मातीत ठेवून आलो त्याला काल महिना झाला. अशा लिहिण्याची सुरुवात हुंदक्याने व्हायची असते, हे मला कळतं. हुंदके येऊन गेलेत, परतही येतील. पण गेले काही दिवस मनात जे आहे ते आनंदाचं आहे, आणि ज्या एका माणसाला ते सांगायचं तेच नेमकं जागेवर नाही. माझ्या संस्थेतल्या मंडळींना फोन करून सांगितलं तर म्हणाले, 'वा, छान.' छान काय? वीस वर्षं आपण दोघी ज्याच्यावरून भांडलो, जेवणं थंड केली, एकमेकींशी बोलणं टाकलं, त्याचा निकाल लागला आणि हे म्हणतात छान!

क्रमाने सांगते.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी गोव्यात आपण एका बाकावर आलो. मी मालवणची, आई मासे विकायची, आणि चार माणसांसमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. तू आरोंद्याची, शिक्षकाची मुलगी, तुला भीड ठाऊकच नव्हती. माझ्या पहिल्या सेमिनारला तू पुढच्या बाकावर बसून इतक्या जोरात मान हलवत होतीस, की सरांना वाटलं मी सगळं बरोबर सांगतेय. मी चुकत होते. खाली उतरल्यावर तू कानात म्हणालीस, "तिसऱ्या ओळीत घोळ आसा. पण उभी बरी रवलंस." फिलू, ती मान हलली नसती तर मी त्याच आठवड्यात घरी परतले असते. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही.

त्याच वर्षी प्रयोगशाळेत आपण ती काळी टिकली पाहिली. तांबं, ऑक्सिजन आणि आणखी दोन धातूंची, दिसायला जळक्या भाकरीच्या तुकड्यासारखी. सरांनी तिच्यावर द्रव नायट्रोजन ओतला आणि वर चुंबक सोडला. तो पडलाच नाही. अधांतरी राहून सावकाश फिरत होता. टिकलीतून वीज आता काहीही अडथळा न होता वाहते, असं सर म्हणाले. ह्याला उच्च तापमानाची अतिवाहकता म्हणतात, आणि हे उच्च तापमान शून्याच्या खाली जवळजवळ दोनशे अंश, हे ऐकून सगळा वर्ग हसला. तू हसली नाहीस. तू विचारलंस, "पण का?" सर म्हणाले, "ते अजून कुणालाही नीट ठाऊक नाही." आपलं काय होणार ते परतीच्या बसमध्ये ठरलं.

पुढे माझी पीएच.डी. झाली, मग दूरच्या शहरातल्या संस्थेत नोकरी. तू पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी सगळं सोडून परत आलीस आणि कुडाळच्या बाजूला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलीस. लोकांनी नाना कारणं शोधली. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "थय दुसऱ्यांचे प्रश्न सोडवून सोडवून माझो प्रश्न खंय रवलो ता कळा नाय." मला तेव्हा ही पळवाट वाटली. पण तू प्रश्न सोडला नव्हतास. मी मे महिन्यात आणि नाताळात गावी आले की दुसऱ्याच दिवशी तुझा फोन यायचा, "कधी येतंस?"

आणि मग तुमची पडवी. तांबड्या-पांढऱ्या लाद्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. समोर माड, माडांपलीकडे खाडी. मांय, म्हणजे तुझी आई, आतून ओरडायची, "खावच्यो बियो त्यो, खेळूच्यो नाय!" कारण तू वाळत घातलेल्या काजूच्या बिया सुपातून पळवून आणायचीस आणि एकेका लादीवर एकेक मांडायचीस. लादी म्हणजे तांब्याचा अणू, बी म्हणजे इलेक्ट्रॉन. तांबड्या लादीवरच्या बीचं तोंड खाडीकडे, पांढरीवरच्या बीचं घराकडे; तोंड म्हणजे इलेक्ट्रॉनची चुंबकी दिशा, शेजाऱ्यांची एकमेकांच्या उलट असावी लागते. एका लादीवर दोन बिया बसल्या तर त्यांचं पटत नाही, फार ऊर्जा लागते. म्हणून प्रत्येक लादीवर एक बी असली की सगळं जागच्या जागी ठप्प. पुस्तकातलं जुनं गणित म्हणायचं, इथून वीज वाहायला हवी. लादीवरच्या बिया म्हणायच्या, सरकायचं कुठे?

मग तू एक बी उचलून तोंडात टाकल्यासारखं करायचीस. एक लादी मोकळी. शेजारची बी त्यात सरकली की मोकळी जागा पुढे जाते. पण सरकलेली बी आता चुकीच्या रंगावर आली, तोंड उलटं. मोकळी जागा जितकी धावेल तितक्या बिया वाटेत बिघडत जातात. दुसरी मोकळी जागा मागोमाग गेली तर बिघडलेलं परत नीट लागतं. म्हणून दोन मोकळ्या जागांनी जोडीने जाण्यात फायदा. ही जोडी म्हणजे अतिवाहकतेचं बीज. चित्र ढोबळ होतं, आपल्या दोघींना ठाऊक होतं. पण संस्थेतल्या फळ्यावर मी जे कधी पाहिलं नाही ते तुमच्या पडवीत पाहिलं.

भांडण इथून पुढे. प्रतिमान जितकं साधं तितकं बरं, हा माझा हट्ट. बी फक्त लगतच्या लादीवर उडी मारेल, बस्स. तुझं म्हणणं, खऱ्या तांब्यात ती तिरपीही उडते, कर्णावर.

"आधी साधा गणित सुटांदे," मी म्हणायचे. "मगे तुझी तिरपी उडी."

"साधा म्हंजे कोणाचा साधा? तांब्याक इचारलंस?"

"फिलू, दर वेळी एक नवी गोष्ट घालीत गेलंस तर कायव सिद्ध करता येतला."

"नवी खंय? ती थयच आसा. तू तिका बघूक तयार नाय." आणि तू बोटाने दाखवलंस. "बघ. सरळ उडी तांबड्यावरसून पांढऱ्यावर. तिरपी उडी तांबड्यावरसून तांबड्यावर. तोंड उलटा जायत? नाय. कोणाच्या केसाक धक्को नाय!"

मी लादीकडे बघत राहिले होते. इतकं उघड होतं. पण मी मान्य केलं नाही. साध्या प्रतिमानाच्या गणितात मोकळ्या जागा जोड्यांनी धावायच्याऐवजी रांगा करून बसतात, पट्टे तयार होतात, आणि पट्ट्यांत अडकलेली जोडी वाहत नाही. माझी निम्मी कारकीर्द त्या पट्ट्यांवर उभी होती. तू म्हणायचीस, "पट्टे रवांदेत गो. माका तेंचो राग नाय. तिरपी उडी दे, पट्टे पण रवतले आणि जोड्यो पण जातल्यो." दोन्ही एकत्र? मी हसले होते. पडवीत, मांयसमोर, मोठ्याने.

सहा वर्षांपूर्वी मी एकदा तुझ्या समाधानासाठी कर्णावरची उडी घालून संगणकावर गणित चालवलं. अख्खा पट कुठलाच संगणक सोडवू शकत नाही, म्हणून आपण त्याची एक अरुंद, लांब पट्टी घेतो. त्या पट्टीवर जोड्या वाहिल्याच नाहीत. "केलंय बघ," मी तुला सांगितलं, "कायव नाय." तू एवढंच विचारलंस, "लांबी किती घेतलेलंस?" मी सांगितली. तू लिहून घेतलीस.

यंदा गणपतीनंतर तुझा फोन आला. लांबी बदलून परत चालव, म्हणालीस. मी कामात होते, चिडलेली होते, आणि मी प्रमाण मराठीत बोलले. आपण दोघींनी एकमेकींशी बोलताना प्रमाण मराठी कधी वापरली होती? बँकेत आणि तहसीलदार कचेरीत, दुसऱ्यांशी. मी म्हणाले, "हे बघ फिलोमिना, तुझ्याकडे वेळ आहे म्हणून तुला हे सुचतं. अकरावी-बारावी शिकवणं वेगळं आणि हे वेगळं."

तू म्हणालीस, "बरां." आणि फोन ठेवलास.

दोन दिवसांनी तुझ्याकडून फोनवर नऊ फोटो आले, वहीच्या पानांचे. खाली एक ओळ, 'सवड झाली की बघ.' मी ते उघडले नाहीत. सवड होती. लाज वाटत होती, आणि लाजेला मी राग समजत होते. दोन आठवडे गेले. मग एका सकाळी पास्कूचा, तुझ्या भावाचा, फोन आला. तू कॉलेजला जायला निघालीस, पायरीवर चप्पल घालायला बसलीस आणि उठलीच नाहीस. पास्कू रडत नव्हता. तो परत परत म्हणत होता, "चप्पल एकच घातलेली गो, एकच."

तुझ्या अंत्यसंस्काराला चर्च भरून लोक. तुझ्या बारा-पंधरा वर्षांतल्या बॅचेस. कुणी बोटीवर तांडेल, कुणी नर्स, कुणी गाडीचं शोरूम चालवतो. प्रत्येकाला तू फळ्यावर काय काढलंस ते आठवत होतं. मी कोपऱ्यात उभी होते, आणि माझ्या पिशवीतल्या फोनमध्ये तुझी नऊ पानं तशीच बंद होती.

तिसऱ्या दिवशी, मालवणात भावाच्या घरी गच्चीवर बसून ती उघडली. मला वाटलं होतं, तू माझ्या बोलण्याला उत्तर दिलं असशील. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तू पट्टी काढली होतीस, चौकटी आखून, पेन्सिलीने. कर्णावरची उडी असली की पट्ट्यांतली गर्दी विरळ होते, मोकळ्या जागा पट्ट्यात कमी बसतात, म्हणून पट्टे जास्त होतात आणि जवळजवळ येतात, हे तू नुसत्या हिशेबाने दाखवलं होतंस. आणि मग माझी सहा वर्षांपूर्वीची लांबी घेऊन तिच्यात ते बसवून पाहिले होतेस. बसत नव्हते. माझ्या लांबीत माझेच पट्टे बरोबर मावत होते, तुझे अर्ध्यावर तुटत होते. म्हणून गणिताने माझे निवडले होते. शेवटच्या पानावर तू लिहिलं होतंस, 'अंथरूण आखूड आसा म्हणान माणसाक पाय नाय असा म्हणूचा नाय.'

फिलू, मी गच्चीवर उभी राहिले. खाली रस्त्याने टेम्पो चालला होता, भोंगा वाजवत, आणि मी एकटीच हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी साधी चूक! पट्टीची लांबी! सहा वर्षं माझ्या नाकासमोर होती ती. माझ्या विद्यार्थ्यांनी, पाहणाऱ्या-तपासणाऱ्यांनी, कुणीच विचारलं नव्हतं. तू विचारलं होतंस, आणि मी सांगितलेला आकडा तू लिहून घेतला होतास.

रजा वाढवली. भावाच्या घरून संस्थेच्या संगणकावर काम लावलं, तुझी लांबी घालून. मालवणात नेट गेलं की मी बंदरापर्यंत चालत जायचे, मोबाइल वर धरून. भाऊ विचारायचा, "मासे इले काय?" मी म्हणायचे, "अजून नाय." चौदाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आकडे उतरले. आपण पट्टीच्या एका टोकाला जोडी टोचतो आणि दुसऱ्या टोकाला तिचा ठसा किती उरतो ते बघतो. पूर्वी तो निम्म्या वाटेत विझायचा. या वेळी कमी झाला, मग कमी व्हायचा थांबला, आणि तसाच पुढे गेला. शेवटपर्यंत! आणि पट्टेही तिथेच होते, आतून विरळ पण एकमेकांच्या जवळ, तुझ्या पेन्सिलीच्या पट्ट्यांसारखे. दोन्ही एकत्र. ज्याला मी हसले होते तेच.

मी इतक्या जोरात ओरडले की वहिनी हातात बांगडा घेऊन धावत आली. "काय झाला गो? कोण गेला?"

"कोण गेला नाय! जोड्यो जातत! वहिनी, जोड्यो जातत!" मी तिला मिठी मारली, बांगड्यासकट. ती घाबरून भावाला म्हणाली, "हिका जरा बसवा."

तू म्हणशील, उड्या मारू नको. बरोबर. पट्टी अजून अरुंद आहे, पट्टी म्हणजे खरं तांबं नव्हे, आणि जगात आणखी माणसं याच वाटेने चाललीत, काही आपल्या पुढेही असतील. का, हा तुझा प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही. पण एक दार उघडलं, आणि ते तू उघडलंस. दहा दिवसांत मी लेख लिहून काढला. तुझं नाव पहिलं, माझं दुसरं.

काल तुझ्या महिन्याच्या मिसेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, आरोंद्याला गेले. मिस झाल्यावर सगळी माणसं पांगली, मांय, पास्कू आणि मी पडवीत बसलो. मी लॅपटॉप काढला. मांयला म्हटलं, फिलूने काय केलं ते छापायला पाठवणार आहे. मांय ऐंशीच्या पुढची, कान तिखट. म्हणाली, "इतकी वर्षां ती लिवत होती. माका कोणी सांगूक नाय काय ता. वाच."

"मांय, इंग्लिशीत आसा. आणि सगळा गणित."

"मगे मालवणीत वाच. माका खंयची घाई आसा?"

मग मी वाचलं, ओळ ओळ करून, मालवणीत. बारा पानं. गणित आलं की नुसतं म्हणायचे, हय गणित आसा. मांय हुं हुं करत होती. चौथ्या पानावर तिने हात वर केला.

"'आमी लांबी बदलली' म्हणतंस. ही आमी कोण?"

"मी आणि फिलू, मांय. लिवताना तसाच लिवतत."

"लांबी बदल म्हणान कोणी सांगला?"

"फिलून."

"आणि आदली चुकीची लांबी कोणाची?"

पास्कू खाडीकडे बघायला लागला. मी म्हणाले, "माझी."

"ता खंय लिवलंस?"

लिहिलं नव्हतं. बारा पानांत कुठेच नव्हतं. तिथेच पडवीत बसून मी ते वाक्य बदललं. आता तिथे असं आहे की आधीच्या गणितातली लांबी अपुरी होती, ती दुसऱ्या लेखिकेने निवडली होती, आणि ती चूक पहिल्या लेखिकेने हाताने हिशेब करून दाखवली. वाचून दाखवलं. मांयने मान हलवली. फोनवर मी तुला काय बोलले होते तेही तिला सांगितलं, सगळं, जसंच्या तसं. तिला वाईट वाटलं, ते दिसलं. तिने पदराची कड चाचपली. मग म्हणाली, "ती बोलली नाय माका. रागावली असती तर बोलली असती." तेवढ्यावर मी जगेन म्हणते.

मग लेख पाठवायचा फॉर्म उघडला. तुझ्या नावापुढे संस्था विचारत होते. मी पास्कूला विचारलं, काय लिहू? मांयनेच सांगितलं, "घराचो पत्तो लिव. हयच बसान केल्यान." तर तुझ्या नावाखाली आरोंदा आहे, फिलू. तालुका, जिल्हा, पिन कोडसकट.

शेवटी एक चौकोन होता, खूण करायचा. माझं बोट थांबलं. मांयने विचारलं, "ता काय?"

"सगळ्या लेखकांनी वाचलेला आसा आणि मान्य केलेला आसा काय, असा इचारतत."

पास्कू म्हणाला, "कर गो खूण. तिका मान्यच असतला."

मांय म्हणाली, "खंयचा मान्य! माझा चेडू माका ठावक आसा. ता एक तरी चूक काढल्याबगर सोडूचा नाय. परत वाच."

मी परत वाचलं, पहिल्या ओळीपासून, तुझ्या डोळ्यांनी.

आठव्या पानावर सापडली.